नवा प्रोसेसर, 95 अंश आणि व्हॉट्सॲपचा ताप

गेला आठवडाभर आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मग तोच शाळेच्या ग्रुपवर आला, नंतर ऑफिसच्या. मजकूर थोडक्यात असा: 'नॅनोमीटर कमी, वीज कमी' (चिपवरचे भाग जितके बारीक, तितकी वीज कमी) ही कंपन्यांची फसवणूक आहे, नवे प्रोसेसर, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिप, 95 अंशांवर चालतात, त्यामुळे खोली तापते आणि चिप वर्षभरात जळते, 253 वॅट खातात म्हणून बिल दुप्पट येतं, ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत लिक्विड कूलरशिवाय (द्रव फिरवून चिप थंड करणाऱ्या यंत्रणेशिवाय) ते टिकत नाहीत, तेव्हा इंटेलचा चौथ्या जनरेशनचा जुना घ्या, तोच थंड. त्याखाली बी विंगमधल्या काकांनी पुरावा जोडला: मुलाच्या नव्या पीसीचा स्क्रीनशॉट, 95 अंश, पुढे रागाने लाल झालेला चेहरा.

मी नवी मुंबईत महापेला सर्व्हर, म्हणजे कंपन्यांचे मोठे संगणक, सांभाळतो, त्यामुळे "तू सांग रे, खरं का हे?" हा प्रश्न माझ्याकडेच आला. ग्रुपवर लिहिलं तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जाईल, म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो 95 चा आकडा, तोच आधी घेऊ. अगरबत्तीचं टोक शेकडो अंशांनी तापलेलं असतं. त्याने देवघर तापतं का? उलट आंघोळीच्या बादलीतलं पाणी पंचेचाळीस अंशांचंच असतं, पण तेवढ्याने न्हाणीघर उबदार होतं. तापमान वेगळं, उष्णता वेगळी. खोली किती तापणार हे चिप किती वॅट घेते त्यावर ठरतं, कारण घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. 88 वॅट घेणारी चिप 60 अंशांवर असो की 95 वर, खोलीत सोडणार 88 वॅटच. मोठा कूलर लावला म्हणून उष्णता कुठे जात नाही. चिपवरून पटकन उचलून तो ती तुमच्या अंगावर सोडतो, इतकंच.

मग 95 का? एएमडी या चिप कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये रायझन 7000 ही प्रोसेसरची मालिका आणली तेव्हाच सांगितलं होतं की ही मुद्दाम ठरवलेली मर्यादा आहे. भरपूर काम पडलं की वरच्या श्रेणीतल्या चिप तिथवर जाणार आणि तिथेच राहिल्या तरी बिघडणार नाही. वाव असेल तोवर चिप वेग वाढवते, 95 गाठले की स्वतःच आवरतं घेते. शिवाय गाभे (कोअर, म्हणजे चिपचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) ज्यावर असतात तो सिलिकॉनचा एकेक तुकडा जेमतेम 70 चौरस मिलिमीटरचा, बोटाच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून शंभरेक वॅट काढायचे तर ती जागा तापणारच. म्हणून व्हिडिओ रेंडर होताना 95 दिसले तर मी चहा प्यायला जाईन. काकांच्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र मागे नुसतं एक्सेल उघडं होतं. ते खटकलं. त्याकडे शेवटी येतो.

'वर्षभरात जळते' हे अगदीच हवेतून आलेलं नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या वरच्या डेस्कटॉप चिप खरोखर बिघडत होत्या. 2024 मध्ये इंटेलनेच कारण सांगितलं: चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली आणि वॉरंटी 2 वर्षांनी वाढवून मिळाली. ती बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून, मिळते. त्या चिप वापरणाऱ्यांनी ते अपडेट केलं नसेल तर आजच करा. पण या दोघींचं पाप सगळ्या खानदानाच्या माथी कशाला?

आता बिल. 253 वॅट हा इंटेलच्या कोअर आय9-13900के चा आकडा, खरा आहे, पण ती वरची मर्यादा. सलग चार तास 253 वॅट ओढले तर साधारण 1 युनिट होतं. 2000 वॅटचा गिझर तेवढं अर्ध्या तासात खातो. आणि मेल, टॅली, यूट्यूबसाठी चिप त्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. महावितरणचं बिल फुगलं असेल तर आधी एसीच्या रिमोटवर किती अंश आहेत ते बघा.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने वॅट मोजले, काम मोजलंच नाही. चौथ्या जनरेशनचा आय7-4770 हा 2013 चा, 84 वॅटचा. एएमडीच्या नव्या रायझन 5 7600 ची वीजमर्यादा 88 वॅट. दिसायला सारखेच. पण सगळे गाभे जुंपणारं काम नवा तिप्पट वेगाने तरी उरकतो. जुन्याला तासभर लागला तर 84 वॅट-तास. नव्याला वीस मिनिटं, म्हणजे तिशीच्या आत. आमच्याकडे सर्व्हरच्या प्रोसेसरचा हिशोब असाच होतो. 2016 चा इंटेलचा 22 गाभ्यांचा झिऑन 145 वॅटचा, म्हणजे गाभ्यामागे साडेसहा वॅट; 2022 चा एएमडीचा 96 गाभ्यांचा एपिक 360 वॅटचा, गाभ्यामागे पावणेचार. हो, एका रॅकमधून (सर्व्हर रचलेल्या कपाटातून) निघणारी उष्णता वाढली आणि ती बाहेर काढताना आमचा घाम निघतो. पण तेवढंच काम जुन्या मशीनवर करायचं तर रॅकही जास्त लागतील आणि वीजही.

तक्रार करायचीच तर वेगळी करा. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. 1.1 चे 1.3 व्होल्ट केले की त्याच वेगाला सुमारे 40 टक्के जास्त वीज लागते, आणि शेवटचा थोडासा वेग मिळवायला नेमकं हेच केलं जातं. बेंचमार्कच्या, म्हणजे वेगाच्या चाचण्यांच्या, तक्त्यात वर दिसायचं असतं ना! रायझन 9 7950एक्स दुकानातून येतो तो 230 वॅटच्या मर्यादेने. बायोसमध्ये '65 वॅट' नावाचा, वीज वाचवणारा इको मोड लावला की प्रत्यक्ष मर्यादा 88 वर येते, आणि तरी पाऊण भागाहून जास्त काम हातात राहतं. दोन मिनिटांचं काम, पण खोक्यावर ते कुणी छापत नाही.

नॅनोमीटरच्या मुद्द्यात निम्मं तथ्य आहे. ट्रान्झिस्टर (चिपवरचा बारीक विजेचा स्विच) लहान झाला की त्याच क्षेत्रफळातली वीज वाढत नाही, हा रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेला हिशोब 2005 च्या सुमारास कोलमडला, कारण विजेची गळती वाढली आणि व्होल्टेज आणखी उतरेना. 2004 चा 90 नॅनोमीटरचा पेंटियम 4 आधीच्या 130 वाल्यापेक्षा जास्त तापायचा, हे त्या काळी वापरणाऱ्यांना आठवत असेल. पण दोनच वर्षांनी कोअर 2 ड्युओ 65 वॅटमध्ये त्याच्या पुढे गेला. रचना बदलली, वायफळ वेगाचा हट्ट सुटला. शिवाय आजचे '5', '3' नॅनोमीटर हे आकडे म्हणजे नावं आहेत, पट्टीने घेतलेली मापं नव्हेत.

दमट हवा? हीटसिंकला (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) घाम येत नाही, त्यामुळे दमटपणाने तो आपल्यासारखा हैराण होत नाही. फरक पडतो तो खोलीच्या तापमानाचा: खोली 24 ऐवजी 34 अंशांवर असली की चिपही साधारण दहाने वर. 65 वॅटच्या चिपला बरा हवेचा कूलर मे महिन्यातही पुरतो. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी बांधकामाची धूळ मात्र वरचेवर झटकावी.

जुना घेण्याबद्दल एवढंच: चौथ्या जनरेशनला विंडोज 11 चा अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

आता काकांचा पीसी. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर गेलो. कॅबिनेट टेबलाच्या खणात कोंबलेलं होतं, ते आधी बाहेर काढलं. कूलर फिरवून उचलला, तर त्याच्या बुडाशी पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच. लावण्याआधी सोला असं तिच्यावर लिहिलेलं, आणि त्या अक्षरांवरच थर्मल पेस्टचा (चिपची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या लेपाचा) पांढरा गोळा चपटा झालेला. असेंबल करणाऱ्याने सोललीच नव्हती. फिल्म काढली, पेस्ट पुसून नवी लावली, कूलर परत बसवला. तीच एक्सेल फाइल उघडली: 47 अंश. काकांनी नवा स्क्रीनशॉट काढला, पण ग्रुपवर अजून टाकलेला नाही.