वेगळे पैसे भरून

क्रूझवर जेवण फुकट असतं, असं जाऊन आलेले लोक सांगतात. फुकट कुठलं, तिकिटातच धरलेलं असतं. पण पैसे भरून चार महिने उलटले की ती जखम भरून येते आणि माणूस फुकट समजून हादडायला लागतो. मीही हादडत होतो. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बोटीवर कुठे ना कुठे ताटल्या मांडलेल्याच. पहिले तीन दिवस मी इतका सुखात होतो की चौथ्या दिवशी बायकोला ते बघवलं नाही.

"अहो, इथे एक आशियाई रेस्टॉरंट आहे. खास."

"खास म्हणजे?"

"वेगळे पैसे पडतात."

नदीत उभं राहून पाण्याची बाटली विकत घ्यावी, तसला हा प्रकार. माणशी ठरावीक रक्कम, तिच्यावर सेवाशुल्क, पेयाचे आणखी निराळे. बोटीवर रोख पैसे कोणी मागत नाही, हीच त्यातली गोम आहे. केबिनचं दार उघडायचं जे कार्ड, तेच दाखवायचं. मशीन 'टुक' करतं आणि आपल्याला काही दिल्यासारखंच वाटत नाही. मला मात्र त्या 'टुक'चा अर्थ कळत होता. भरलेला एकेक पैसा वसूल केल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, असं मी तिथेच ठरवलं. पुढचं सगळं त्या निर्धारामुळे झालं.

अर्ध्या चड्डीवर प्रवेश नव्हता. म्हणून ब्लेझर. निघताना बायकोने वरच्या खिशातला माझा रुमाल उपसून घेतला. "फुगतो तो. बरं नाही दिसत." रिकामा खिसा आ वासून राहिला. ते लक्षात ठेवा.

आत टेबल नव्हतंच. लोखंडी तवा होता, चांगला पलंगाएवढा, आणि त्याच्या तीन बाजूंनी आम्ही आठ अनोळखी माणसं. याला तेप्पानयाकी म्हणतात. तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा, याकी म्हणजे भाजलेलं. नावावरून फार प्राचीन काहीतरी वाटतं, पण ही तऱ्हा कोबे शहरातल्या मिसोनो नावाच्या रेस्टॉरंटाने १९४५ साली सुरू केली. आणि स्वतः जपानी लोकांपेक्षा परदेशी गिऱ्हाइकांना, त्यातही सुरी-उलथन्याच्या कसरतींना, ती जास्त भावली. मी हे सगळं घरून निघण्याआधीच वाचून ठेवलं होतं, कारण बोटीवरच्या वाय-फायलाही वेगळे पैसे पडतात.

प्रथम एका लांबट बशीत पांढरी, गरम, वाफाळती गुंडाळी आली. मी ती काट्याने टोचणार, एवढ्यात शेजारच्या बाईंनी आपली गुंडाळी उलगडून हात पुसले. थोडक्यात वाचलो. पुढच्या वाटीला मात्र वाचवायला कोणी नव्हतं. मीठ भुरभुरवलेल्या हिरव्यागार शेंगा होत्या. एदामामे. कोवळं सोयाबीन. मी एक शेंग तोंडात टाकली आणि चावायला लागलो. चावतोय, चावतोय, शेंग आपली आहे तशीच. दोराचा तुकडा चघळावा तशी. समोरची मंडळी दातांनी नुसते दाणे ओढून साल वाटीत टाकत होती. ते पाहिलं तोवर माझ्या चार शेंगा सालासकट पोटात गेल्या होत्या. बायको कुजबुजली, "साल खात नाहीत हो." मी म्हटलं, "पैसे सालाचेही घेतलेत."

मग काड्या. त्यांचंही एक शास्त्र आहे. चिनी काड्या लांब आणि बोथट, जपानी आखूड आणि टोकदार, कोरियन धातूच्या, चपट्या. कुठल्याही असोत, माझ्या हातात त्या एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या राहतात. त्यात रेस्टॉरंट वरच्या मजल्यावर, अगदी बोटीच्या नाकाशी. लाटांचे हेलकावे सगळ्यांत कमी लागतात ते बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यांना. इथे आम्ही जास्तीचे पैसे देऊन जास्तीचे हेलकावे घेत होतो. मी नेम धरला की बोट वाकायची. बोट सरळ झाली की घास पळालेला. वैतागून मी काड्या भातात उभ्या खोवल्या, तर वेटर धावतच आला. जपानमध्ये तशा काड्या मृताच्या भातात खोवतात म्हणे. एक घास धड पोटात गेला नव्हता आणि मी माझंच पिंडदान उरकून मोकळा झालो होतो.

मी वेटरला समजावलं की थायलंडमध्ये भात चमच्यानेच खातात, काड्या नूडल्सपुरत्या असतात, आणि मेन्यूच्या मागच्या पानावर थाई करी आहे, तेव्हा मला चमचा मिळायला हरकत नाही. त्याने सगळं आदराने ऐकून घेतलं. मग त्याने कागदाची एक सुरळी केली, दोन्ही काड्यांच्या बुडाशी अडकवली, रबरबँड गुंडाळला आणि तो चिमटा माझ्या हातात दिला. टेबलावर तसा चिमटा आणखी एकाकडेच होता. त्याचं वय असेल सहा. त्याने आपला चिमटा उंच करून मला सलाम केला. मीही केला. सबंध संध्याकाळीत माणुसकीचा म्हणावा असा क्षण तेवढा एकच.

सुशीबरोबर हिरवी गोळी आली. वाटाण्याएवढी. एवढ्या पैशांत एवढीशी, म्हणून मी ती अख्खी उचलली. मिरची जिभेवर जाळ करते, तिच्याशी भांडता तरी येतं. वासाबी जिभेला ओळखही देत नाही. तिच्यातला जहालपणा उडून जाणारा असतो, तो थेट नाकात शिरतो आणि तिथून कवटीचं झाकण उघडतो. मला आठ माणसांच्या जागी सोळा दिसली. सोळांपैकी दोन बायका माझ्या होत्या आणि दोघी म्हणत होत्या, "पाणी पिऊ नका, श्वास घ्या." अर्ध्या मिनिटात सगळं ओसरलंही. मागाहून आठवलं की खरी वासाबी फार महाग असते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या नावाने हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ, मोहरी आणि हिरवा रंग वाढतात. म्हणजे कदाचित मी नकली वासाबीसाठी खरं रडलो होतो.

बायको मात्र मजेत होती. सुशीबरोबर आल्याचे गुलाबी पातळ काप देतात. दोन घासांमध्ये तोंड साफ करायला. तिने आपले संपवले, माझे संपवले, वर आणखी मागवले. आल्याने बोट लागत नाही म्हणे. जेवणातल्या तोंड पुसायच्या वस्तूवर पोट भरणारी व्यक्ती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आणि आचारी आला. आचारी कसला, नटच. उलथनी खणखणवली, अंडं हवेत उडवून टोपीत झेललं, कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचून त्यातून वाफ काढली. जमिनीवरच्या रेस्टॉरंटांत त्या मनोऱ्यातून भडका उडवतात, आमच्याकडे वाफेवर भागवलं. समुद्राच्या मधोमध आगीचा विनोद कोणालाच आवडत नाही. टायटॅनिक १९१२ साली बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात बोटीवरून माणूस कसा वाचवायचा याचा विचार आहे. बोटीवरच्या रेस्टॉरंटातून कसा वाचवायचा, याबद्दल अवाक्षर नाही.

कारण आता आचारी तव्यावरच्या कोळंबीचे तुकडे उलथन्याने उडवत होता आणि लोक ते तोंडात झेलत होते. शेजारच्या बाईंनी झेलला. बायकोने झेलला, तोही बसल्या जागी, मान न हलवता. सहा वर्षांच्या माझ्या मित्राने झेलला. मग माझी पाळी. मला पळून जायचं होतं, पण माणशी एक तुकडा पैशांत धरलेला होता.

पहिला चष्म्यावर आपटला. दुसरा कपाळावर. "आता शेवटचा!" आचारी ओरडला आणि सगळे टाळ्यांचा ठेका धरू लागले. मी डोळे मिटले, जबडा उघडला, बोट डावीकडे कलली. तुकडा निघाल्याचा आवाज आला. पोहोचल्याचा आला नाही. तोंडात काही नव्हतं. मी ते मिटलं, केवळ थकून. तर एकच जल्लोष! मंडळींना वाटलं, झेलला. कोणी पाठ थोपटली, आचाऱ्याने टोपी काढून मुजरा केला. अशा वेळी खरं बोलायला फार मोठं मन लागतं. मी हवा चावली, गिळली आणि वाकून अभिवादन केलं. समोरचा सहा वर्षांचा मित्र तेवढा टाळी वाजवत नव्हता. तो माझ्या छातीकडे टक लावून बघत होता.

पुढचे दोन दिवस मी बोटीवर प्रसिद्ध होतो. बुफेच्या रांगेत कोणी ना कोणी दुरूनच 'आ' करून दाखवायचं आणि अंगठा वर करायचं. बायकोही जरा अभिमानाने माझ्याकडे बघायची. फक्त केबिनमध्ये कसलासा वास यायला लागला होता. ती म्हणाली समुद्राचा असेल. मी बुटांवर संशय घेतला. सफाईच्या पोराने गालिचा दोनदा घासला. तिसऱ्या दिवशी बायकोने कपाट उघडलं, ब्लेझर हुंगला, वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही.

ब्लेझर धुवायला दिला. बोटीवरच्या लाँड्रीचे वेगळे पैसे पडतात.

संध्याकाळी लिफ्टमध्ये माझा मित्र भेटला, आईचं बोट धरून. दार बंद झालं. त्याने एकदा माझ्या शर्टाकडे पाहिलं, एकदा वर तोंडाकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग नंतर खाल्लीत का?"