घोणस दिसायला हवी: बॅटरीतला एलईडी बदलण्यावरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. छोट्या बॅटरीतला (टॉर्चमधला) एलईडी घरी बदलण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमच्या तक्रारी तीन. दोनशे रुपयांत नवी बॅटरी येते, मग हा खटाटोप कशाला? एलईडी बदलल्यावर झोत पूर्वीइतका लांब जात नाही. आणि माझं वाचून तुम्ही बसवलेला एलईडी दहा मिनिटांत निळा पडला आणि गेला.

आधी शेवटचं, कारण तिथं चूक माझी आहे. 'एलईडीची प्लेट (एलईडी ज्या धातूच्या तुकड्यावर बसवलेला असतो ती) आत चिकटवा' एवढंच मी लिहिलं. कशानं, कशावर, ते लिहिलं नाही. तुम्ही घरातला गोंद वापरलात. हा एलईडी ३ व्होल्टवर ७०० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे साधारण २ वॅट. त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. जुन्या तारेच्या बल्बची बरीचशी उष्णता उजेडासोबत समोरून निघून जायची. एलईडीची मागून, प्लेटमधून काढून घ्यावी लागते. मध्ये गोंदाचा जाड थर आला की तिच्या वाटेत बांधच घातला म्हणायचं. थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढं नेणाऱ्या मलमाचा, अगदी पातळ हात द्यायचा आणि प्लेट धातूवर घट्ट दाबून बसवायची. वरून रिफ्लेक्टर (झोत पाडणारी चकचकीत वाटी) बसतो, त्याचा डाग दिलेल्या, म्हणजे सोल्डर केलेल्या जागांना स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये कागदी किंवा प्लास्टिकची चकती हवीच. वायरींना डाग द्यायचे ते प्लेट बॉडीत बसवण्याआधी; नंतर बॉडीच सगळी उष्णता ओढून घेते आणि शिसं धरत नाही.

मग चालू करून बॉडी हातात धरा. मिनिटा-दोन मिनिटांत ती कोमट लागली तर काम बरोबर झालं. बॉडी गार आणि उजेड निळसर होत चालला तर लगेच बंद करा. प्लास्टिकच्या बॅटरीत हा एलईडी बसवूच नका.

झोताचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. नव्या एलईडीची चिप मोठी आहे, त्यामुळे त्याच रिफ्लेक्टरमधून उजेड रुंद पडतो आणि लांबचा झोत कमी होतो. लांबचंच बघायचं असेल तर जुना एलईडी राहू द्या. मला पायाखालचं बघायचं होतं. आमच्याकडं सांगली जिल्ह्यात पलूस भागात पाण्याच्या मोटारीची लाईट रात्रीची असली की वडील उसात दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला जातात. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) उजेडात पाचट, माती आणि त्यावर पडलेली घोणस सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. चांगला रंग दाखवणारा ४००० केल्विनचा एलईडी घेतला तर तिच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके उठून दिसतात. एलईडी घेताना नुसते लुमेन, म्हणजे एकूण उजेड, बघू नका; सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप, ९०च्या आसपास आहे का ते विचारा. दुप्पट लुमेन असले तरी डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. दोनशेच्या ज्या नव्या बॅटऱ्या मी बाजारात पाहिल्या, त्यांचा उजेड तसाच निळसर होता. माझ्याकडच्या बॅटरीची जाड अॅल्युमिनियमची बॉडी आणि स्विच धड आहेत. ती टाकून द्यायला माझं मन घेत नाही.

तुमच्या बॅटरीचा ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट सांभाळणारं सर्किट) शाबूत असण्याची शक्यता आहे. नवा एलईडी लावण्याआधी दोन्ही वायरी आणि बॉडी यांच्यात शॉर्ट नाही ना, ते मल्टिमीटरवर बघून घ्या. आणि बॉडी कशाची आहे ते कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल. पेस्ट आणि चकतीचा भाग मी मूळ लेखात आज घातला आहे.