स्पूल ४५ सेकंद फिरतं, मग गुंता का होतो? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार रत्नागिरीकर,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि चिडून लिहिलेली आहे, त्यामुळे उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. मल्टिप्लायर रिळाच्या (मासेमारीचं असं रीळ, ज्याचं दोरी गुंडाळायचं चाक, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरतं) बेअरिंगमध्ये जाड तेल घालायला सांगून मी चांगल्या रिळाची वाट लावायला सांगतोय. तुम्ही बेअरिंग धुऊन डब्ल्यूडी-४० मारलंत, तर बोटाने टिचकी दिल्यावर स्पूल ४५ सेकंद फिरलं. माझ्या पद्धतीने जेमतेम ८. शॉक लीडर, म्हणजे फेकीचा झटका सोसायला पुढे जोडलेली जाड दोरी, हा फुकटचा खर्च. आणि मुळात आपल्या खडपांवर साधं स्पिनिंग रीळ (ज्याचं स्पूल फेकताना फिरत नाही) चालत असताना हे ‘विलायती खूळ’ हवंच कशाला?

शेवटी जाता जाता तुम्ही असंही लिहिलंय की त्या ४५ सेकंदवाल्या रिळाने पहिल्याच दुपारी असा गुंता घातला की दोरी कापून टाकावी लागली. साहेब, तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर तुमच्या या शेवटच्या वाक्यात आहे.

गुंता होतो तो का, एवढंच आधी बघू. फेकीच्या जोराने शिसं (दोरीला लावलेलं वजन) सुटतं तेव्हा ते स्पूलला ओढून फिरवतं. हवेत गेल्यावर शिशाचा वेग कमी व्हायला लागतो, पण स्पूलला त्याची खबर नसते. ते आपल्या जोरात फिरतच राहतं. दोरी जेवढी बाहेर जाते त्यापेक्षा जास्त सुटते, ती स्पूलवर फुगते, पुढचा वेढा त्या फुगवट्यात अडकतो आणि पुढचं तुम्ही भोगलंच आहे. म्हणजे स्पूल अडतं म्हणून गुंता होत नाही, ते गरजेपेक्षा मोकळं असतं म्हणून होतो. तुम्ही मेहनतीने नेमका तोच मोकळेपणा वाढवलात.

आता त्या टिचकीच्या परीक्षेकडे येतो, कारण व्हिडिओ बघून सगळेच ही परीक्षा घेतात आणि मला तिचा मनापासून राग आहे. तुमच्या ६५०० आकाराच्या रिळावर दोरी भरली की तिचा घेर साधारण १२ सेंटीमीटर होतो. ७०-८० मीटरच्या फेकीत शिसं सुटतं ते सेकंदाला ३० मीटरच्या आसपास. म्हणजे स्पूल सेकंदाला २५० फेरे घेतं, मिनिटाला १५,०००. बोटाच्या टिचकीने ते, हिशोबाला सोपं म्हणून, मिनिटाला ३०० फेरे घेतं असं धरू. रीळ उघडलंत तर स्पूलच्या दांड्यावर प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे दिसतील. फिरताना ते बाहेर फेकले जातात आणि कडीला घासतात. हाच सेंट्रिफ्यूगल ब्रेक. तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ५० पट, तर जोर २,५०० पट. टेबलावरच्या टिचकीत हे ठोकळे जवळजवळ झोपलेलेच असतात. तेव्हा तुम्ही ४५ सेकंद जे मोजलंत ते फक्त तेल किती पातळ आहे एवढंच. अंगणात उभ्या असलेल्या गाडीचं ब्रेक-पेडल दाबून ती घाटात कशी थांबेल हे सांगण्यातला हा प्रकार आहे.

वेग उतरला की ठोकळ्यांचा जोर झपाट्याने संपतो, हे याच हिशोबाचं दुसरं टोक. फेकीच्या उत्तरार्धात, शिसं खाली यायला लागतं तेव्हा, ते स्पूलला फारसं धरत नाहीत. तिथे जाड तेल कामाला येतं. त्याचा चिकटपणा कमी वेगातही थोडा थोडा रोध करत राहतो. म्हणून दोन्ही हवेत. मॅग्नेट असलेल्या रिळाची गोष्ट थोडी वेगळी. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, पण चुंबकाजवळून ते फिरायला लागलं की त्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते स्पूलला मागे ओढतात, कुठेही घासल्याशिवाय. हा रोध वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे तो फेकीच्या मध्यावरही टिकतो, आणि बाहेरच्या खटक्याने कमीजास्त करता येतो. नवशिक्याने घेताना शक्यतो मॅग्नेटवालंच घ्यावं असं माझं मत आहे.

तर तुमच्या रिळाचं काय करायचं? बेअरिंग पांढऱ्या पेट्रोलने धुवा, पूर्ण वाळू द्या. डब्ल्यूडी-४० वंगण म्हणून टिकत नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या कामात कोरडं बेअरिंग हां हां म्हणता गंजतं. नंतर ९० नंबरच्या गिअर ऑइलचा एकेक थेंब. एकच, दोन घालून बाहेर ओघळलं की ते ब्रेकच्या कडीवर जातं आणि ठोकळे निसटायला लागतात. ठोकळे सध्या मोठे आणि दोन्ही बसवा. हँडलच्या बाजूची गोल टोपी आवळत न्या, स्पूलची आडवी हालचाल थांबली की थांबा, आणि मग केसभर सैल करा. स्पूल अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे ढकललं तर अगदी बारीक ‘टिक’ जाणवली पाहिजे. ती नसेल तर टोपी दांड्याची टोकं दाबतेय, आणि खूप असेल तर स्पूल खडखडत फिरेल. ही टोपी आवळून तिचाच ब्रेक करायची सवय अनेकांना असते. हलक्या आमिषाच्या रिळावर ते चालून जातं, शंभर ग्रॅमच्या वरच्या शिशाला नाही.

दोरी काठोकाठ भरू नका, काठाखाली दोन मिलिमीटर सोडा. आणि भरताना ती ओल्या फडक्यातून ताणून भरा. सैल भरलेली दोरी पुढच्या फेकीत आतल्या वेढ्यांत रुतते. ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या, दोरीचा हा त्रास जास्त, म्हणून सुरुवात तंगूसनेच (नायलॉनच्या एकेरी दोरीनेच) करा, ०.३५ मिलिमीटरचा बरा.

आणखी एक. तुम्ही कोळंबी लावून, दुपारी, समोरून येणाऱ्या वाऱ्यात फेकलंत, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. आमिष हवेत फडफडतं आणि शिशाचा वेग लवकर मारतं. वर खारा वारा तोंडावर. नुसत्या शिशावर जे रीळ गुपचूप चालतं तेच अशा वेळी भडकतं. सराव सकाळी मतलई वारा पाठीवर असताना करा, नुसतं शिसं लावून. आणि गुंता फेकीत कुठे होतो ते बघा. सुटताक्षणी होत असेल तर दोष हिसक्याचा किंवा अंगठा घसरण्याचा आहे, त्याला कोणतंही तेल औषध नाही. फेक हळू सुरू करून वेग शेवटी आणायचा. मध्यावर होत असेल तर ब्रेक वाढवा. शिसं पाण्यात पडल्यावर होत असेल तर अंगठा वेळेवर टेकत नाही, एवढंच. तुमचा गुंता ‘१० मीटरही गेलं नसेल’ असा होता, म्हणजे ब्रेकच्या आधी हिसका तपासा.

शॉक लीडरबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. ०.३५ चा तंगूस ७ किलोच्या आसपास तुटतो. ११० ग्रॅमचं शिसं जोरात फेकताना त्यावर क्षणभर येणारा ताण त्याच्या कितीतरी वर जातो. जगभरचे किनाऱ्यावरून फेकणारे लोक एका औंसाला दहा पौंड हा साधा नियम पाळतात. ११० ग्रॅम म्हणजे जवळपास चार औंस, तर ४० पौंड किमान, मी ५० धरतो. लीडर रॉडच्या दुप्पट लांबीचा, म्हणजे फेकायच्या वेळी त्याचे पाच-सहा वेढे स्पूलवर राहतील एवढा, आणि गाठ स्पूलच्या एका कडेला, नाहीतर ती अंगठा फाडते. आपल्या जेट्ट्यांवर आणि खडपांवर मागे पोरं उभी असतात, बाया कालवं काढत असतात. दोरी तुटून सुटलेलं शिसं कुणाच्या डोक्यात बसेल ते सांगता येत नाही. लीडरच्या तंगूसचा खर्च जेवढा असेल तेवढा असो.

‘विलायती खूळ’ हा मुद्दा अर्धा मान्य. पोपर किंवा वीस-पंचवीस ग्रॅमचं लूर (दोन्ही नकली आमिषं) फेकून जिताड्याच्या मागे लागायचं असेल तर स्पिनिंग रीळच घ्या, मीही तेच घेतो. पण जड शिसं, जाड तंगूस आणि खडकाच्या कपारीतून तांबोशी ओढून काढायची असेल तर मल्टिप्लायरचं काम वेगळंच. दोरी कोपऱ्यावर वळत नाही, सरळ गुंडाळली जाते. तिला पीळ पडत नाही आणि ताकद पूर्ण मिळते. खूळ विलायती आहे हे मात्र खरं: अँबॅसेडर रीळ १९५२ मध्ये आणणारी स्वीडनची कंपनी त्याआधी घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायची.

तुमचं रीळ लेव्हलवाइंडचं (गुंडाळताना दोरी आपोआप सारखी पसरवणारं) आहे की बिन-लेव्हलवाइंडचं, हे प्रतिक्रियेत नाही. बिन-लेव्हलवाइंडचं असेल तर दोरी अंगठ्याने पसरवत गुंडाळावी लागते, आणि एका बाजूला ढीग झाला तर वर सांगितलेलं सगळं करूनही गुंता होईल. ते कळवा, आणि जमलं तर दोरी भरलेल्या स्पूलचा एक फोटो टाका.