‘आधी निकाल तर लागू दे’ म्हणणाऱ्या काकांना

मागच्या आठवड्यात मी माझ्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डाबद्दल लिहिलं होतं. शेवटचं सेमिस्टर चालू आहे, कोणी विचारलं तर आता मी ‘शिकते’ न म्हणता ‘इलस्ट्रेटर आहे’ म्हणते, कामाचा दर सुरुवातीलाच सांगते, एवढाच तो लेख. त्याखाली एका काकांची प्रतिक्रिया आली. ती बऱ्याच जणांना आवडलेली दिसते, म्हणून उत्तर सविस्तर देते आहे.

काका लिहितात: “बाय, आधी निकाल तर लागू दे, मग इलस्ट्रेटर म्हणवून घे. आत्मविश्वास कामातून येतो, कार्डावर छापून येत नाही. मी तीस वर्षं कमर्शियल आर्ट केलं, त्यातली पहिली पाच दुसऱ्याच्या हाताखाली अक्षरं घोटली. तुझी चित्रं सुटी सुटी छान आहेत, पण एकच पात्र पंधरा पानांत तेच राहतं का, हे कुठे दिसत नाही. मारिओंनी असली कार्डं वाटली नव्हती. आणि त्यांचा जन्म लोटलीचा नव्हे, दमणचा. जरा जमिनीवर ये.”

काका, दमणचं तुमचं बरोबर आहे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा १९२६ साली दमणला जन्मले, घर गोव्यातल्या लोटली गावचं. मी त्या लेखात घाईत दोन्ही एकच करून टाकलं. चूक माझी, आणि दाखवल्याबद्दल आभार.

‘बाय’ म्हणालात त्याचं काही वाटलं नाही, आमच्याकडे मुलीला तशीच हाक मारतात. गोव्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळासमोर जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या कळ्यांचे गजरे, विकणाऱ्या बायका मला जन्मापासून बायच म्हणतात. पण त्या कधी ‘जमिनीवर ये’ म्हणाल्या नाहीत. ज्या मुलीला तुम्ही एकदाही पाहिलेलं नाही ती हवेत आहे, हे तुम्हाला एका लेखावरून कसं कळलं? हेच म्हणणं चार चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं. तीस वर्षं अक्षरं घोटलेल्या माणसाला शब्दाचं वजन मी सांगायला नको.

आता ते निकालाचं. निकाल लागल्यावर माझ्या हातात नेमकं काय येणार आहे जे आज नाही? मार्कशीट. ती कोणत्या संपादकाने मागितलेली तुम्ही पाहिलीत? मला आजवर सहा जणांनी काम दिलं, सहाही जणांनी चित्रं पाहिली, टक्के कोणी विचारले नाहीत. डॉक्टर-वकिलाला परवाना लागतो, त्याशिवाय पाटी लावली तर तो गुन्हा. चित्र काढणाऱ्याला कुठला परवाना असतो? तुम्ही मारिओंचं नाव काढलंत म्हणून सांगते, ते तर आर्ट कॉलेजात शिकलेच नाहीत. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून त्यांनी इतिहासात बी.ए. केलं. ते मित्रांना पोस्टकार्डं काढून द्यायचे आणि त्याचे थोडे का होईना, पैसे घ्यायचे. कोणता निकाल लागायची वाट पाहिली होती त्यांनी? मी त्यांच्या नखाचीही बरोबरी सांगत नाही. पण दाखला तुम्ही दिलात, तर तो पुरता द्या.

आणि आत्मविश्वास कामातून येतो हे मला कोणी शिकवायला नको, कारण माझा तिथूनच आलाय. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात मी फाती करणाऱ्या एका मावशीसमोर रोज संध्याकाळी बसायचे. जायांच्या कळ्या उमलायच्या आत गुंफून व्हायला हव्यात, म्हणून तिचा हात थांबत नाही. डाव्या अंगठ्याने कळीचा देठ दाबून धरायचा, उजव्या हाताने केळीच्या दोऱ्याचा वेढा टाकायचा, ओढायचा, की पुढची कळी. माझ्या वहीतल्या पहिल्या तीस पानांवर तो अंगठा काठीसारखा आलाय. मी नखापासून काढायला सुरुवात करत होते आणि जोर तर सगळा मागे, तळव्याच्या उशीत होता. ते कळायला मला महिना लागला. मग एकदा घाईत, पाऊस आला म्हणून वही मिटता मिटता चार रेघा ओढल्या आणि तो बसला. मावशी वाकून बघून कोकणीत म्हणाली, “हो म्हजोच हात!” हा माझाच हात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे मला येतं. हे कार्डावर छापून आलं का, काका?

दर आधी का सांगते, तेही ऐका. त्याच वर्षी किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटच्या मेनूसाठी मी बारा चित्रं काढली. मासे, पोळे, सोलकढीचा पेला, फेणीची बाटली, सगळं शाईत बुडवायच्या डिप पेनने. दोन हजार मिळाले, कागदपत्र काहीच नाही. सहा महिन्यांनी माझा बांगडा मला तिथल्या टी-शर्टवर दिसला, विकायला ठेवलेला. विचारलं तर मालक म्हणाले, “तू विद्यार्थिनी ना? नाव होईल तुझं.” टी-शर्टवर नाव नव्हतंच. मी परतीच्या बसमध्ये रडले आणि घरी येऊन १९५७चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सही केलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. त्यांच्याकडे कागद नव्हता तसा माझ्याकडेही नव्हता, म्हणून पुढे बोलता आलं नाही.

आता माझ्याकडे एक पानाचा कागद असतो. चित्रं किती, कुठे आणि किती काळ वापरणार, दुरुस्त्या दोनदा, निम्मे पैसे आधी. पहिल्यांदा तो कागद पुढे केला तेव्हा माझा हात थरथरत होता, समोरच्या बाईंनी मात्र चष्मा लावून वाचला आणि सही केली. ‘विद्यार्थिनी’ हा शब्द मी टाकून दिला तो मिरवायला नाही. या शब्दाच्या आडून लोक फुकट काम काढून घेतात, आणि मीही त्याच्याआड लपत होते. काम फसलं की ‘अजून शिकतेय’ म्हणायची सोय होती. मागच्या वर्षी एका मुखपृष्ठावरचं भाताचं शेत छापून शेवाळासारखं आलं, कारण स्क्रीनवर मी निवडलेला हिरवा छपाईच्या चार शायांत बसणाराच नव्हता आणि मी प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मागितलं नव्हतं. तेव्हा मी ‘शिकतेय’ म्हटलं नाही. चूक माझी म्हणून सांगितलं, रात्रभर बसून रंग बदलले आणि दुसऱ्या दिवशी मशीनपाशी उभी राहिले. इलस्ट्रेटर म्हणवून घेतल्यावर हे अंगावर घ्यावं लागतं. तुम्हाला त्यात फक्त तोरा दिसला.

एकच पात्र पंधरा पानांत वगैरे जे लिहिलंत, त्याबद्दल एवढंच की तो लेख पोर्टफोलिओबद्दल नव्हता. पाच वर्षं हाताखाली काढायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तुमच्या काळात स्टुडिओ होते, तिथे अक्षरं घोटायला मुलं घ्यायचे. आज मला कोण घेतंय ते सांगा, उद्या जाते.

तुम्ही तीस वर्षं हे काम केलंत, त्याचा मला मनापासून आदर आहे. म्हणूनच जास्त लागलं. परक्या माणसाने म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. आमच्याच धंद्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने मुलीच्या पहिल्या कार्डावर लिहायला हेच शोधावं?

मे महिन्यात आमचं अंतिम प्रदर्शन आहे. भिंतीवर त्या मावशीच्या हाताची चाळीस पानं लावणार आहे, काठीच्या अंगठ्यांसकट. या, बघा, आणि मग तिथे माझ्यासमोर उभे राहून काय ते बोला. दमणची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. कार्डं शंभर छापली आहेत, ती तशीच वाटणार.