काळ्या पट्ट्या राहू द्या

आज चिडले आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार.

संध्याकाळी आम्ही सात-आठ जण एका मैत्रिणीकडे जमलो होतो. एक जुना सिनेमा लावला. मीच सुचवलेला, म्हणून मी जरा जास्तच उत्साहात. पाच मिनिटं झाली नसतील, तोच कुणीतरी म्हणालं, "वर-खाली त्या काळ्या पट्ट्या कसल्या? काढ ना, पूर्ण स्क्रीन कर." रिमोटचं बटण दाबलं, चित्र फुगलं, पट्ट्या गेल्या. सगळे खूश. मी "अरे, नको" म्हणेपर्यंत पुढचा सीन सुरू झाला होता. चारचौघांत कशाला वाद, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाच आता सगळ्यात जास्त राग येतोय.

तासाभराने तो सीन आला. दोन भाऊ टेबलाशी बसून घराच्या वाटणीवरून भांडताहेत. दोघंही जीव ओतून बोलतात. आणि चित्राच्या अगदी डाव्या कडेला, दाराच्या चौकटीत, त्यांची आई उभी असते. सीनभर एक शब्द बोलत नाही. आज ती नव्हतीच. फुगवलेल्या चित्रात तिच्या खांद्याची कड मधूनच दिसायची, तेवढंच.

सिनेमाच्या शेवटी ही आई एक मोठा निर्णय घेते. तो बघून एकजण म्हणाला, "आई एकदम अशी का वागली? आधी काही तयारीच नाही. पटकथा कच्ची आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पटकथा कच्ची? अरे, ती सगळी तयारी दारात उभी होती! तुम्ही तिला बटण दाबून घराबाहेर काढलंत आणि वर लेखकाला नावं ठेवताय.

मला आजी आठवली. माझ्या लहानपणीच आजीला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. कानाचं यंत्र होतं, पण त्यात नुसती खरखर येते म्हणून ती ते काढून ठेवायची. तरी टीव्हीवर सिनेमा लागला की खुर्ची ओढून पुढे हजर. मी शेजारी बसून तिच्या कानाशी मोठ्याने संवाद सांगायला जायचे, तर ती हातानेच थांबवायची. म्हणायची, "बोलणारा बोलतोय गं, तू त्या गप्प बसलीय तिच्याकडे बघ." आणि तिला गोष्ट कळायची. माझ्या आधी कळायची. कोण खोटं बोलतंय, कोणाचं कोणावाचून अडलंय, सगळं. एकदा तिने मध्यंतराच्या आधीच सांगून टाकलं की ही सून घर सोडून जाणार. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "मघापासून तिला लांब उभी केलीय. बाकीचे सगळे एकीकडे, ती एकीकडे. मधे केवढी जागा ठेवलीय बघ."

'उभी केलीय' म्हणाली ती. 'उभी आहे' नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कॅमेरा कुणीतरी ठेवलेला असतो, विचार करून ठेवलेला असतो, हे मला त्या एका क्रियापदाने शिकवलं.

म्हणून 'गोष्ट कळली की झालं, कॅमेरा वगैरे नंतरचं' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कॅमेरा कुठे उभा आहे, किती लांब आहे, उजेड कुणावर आहे आणि कुणाला अंधारात ठेवलंय, तीच गोष्ट आहे. संवाद हा त्यातला एक भाग.

आणि ही पट्ट्यांची भानगड किती मोठी आहे बघा. सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्यासाठीची पद्धत. तिची चौकट उंचीच्या साधारण २.३५ ते २.३९ पट रुंद असते. घरातल्या टीव्हीची १.७८ पट. पट्ट्या घालवायला चित्र फुगवलं की रुंदीतला जवळपास चौथा हिस्सा गेला. कादंबरीच्या प्रत्येक ओळीचा पहिला आणि शेवटचा शब्द कापून कुणी वाचायला दिली तर घ्याल हातात? उभ्या रीलमध्ये तर चौथा हिस्साही उरत नाही. परवाच एका थोर सीनची तशी रील फिरत होती. जो बोलतोय त्याचा चेहरा, मग दुसरा बोलला की त्याचा चेहरा. ऐकणारा माणूस कुठेच नाही.

गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' १९५९चा. भारतातला पहिला सिनेमास्कोप. त्याचे छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन परतवून स्टुडिओत आणलं आणि 'वक़्त ने किया' गाण्यातला तो सुप्रसिद्ध झोत उभा केला. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाश, दोन माणसं आणि भोवती मैलभर पसरल्यासारखा अंधार. त्या भोवतालचं कापलं तर काय उरतं? गाणं म्हणून ते सुंदरच राहील. पण त्या दोघांच्या वाट्याला किती रिकामेपण आलंय ते दिसणार नाही, आणि ते दिसावं म्हणून तर एवढी रुंद चौकट घेतली.

उलटंही होतं. जुन्या मालिका चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या, त्या नव्या रुंद पडद्यावर भराव्यात म्हणून वरून-खालून कापतात. 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेच्या एका भागाचं नावच खड्ड्यावरून आहे, 'द पॉटहोल'. २०२१मध्ये ती रुंद चौकटीत पुन्हा आली तेव्हा त्यात तो खड्डाच कापला गेला होता. लोक हसले. मला नाही हसू आलं.

मान्य, काही वेळा चूक बनवणाऱ्यांचीही असते. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली २०१९मधली ती रात्रीची लढाई घरच्या टीव्हीवर अनेकांना दिसलीच नाही. पण म्हणून अंधार वाईट ठरत नाही. 'द गॉडफादर'मध्ये (१९७२) छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी दिवे डोक्यावरून लावले आणि मार्लन ब्रँडोचे डोळे सावलीत ठेवले. हा माणूस काय विचार करतोय ते आपल्याला कळू नये, म्हणून. ब्राइटनेस वाढवून ते डोळे शोधत बसणारी माणसं मी पाहिलीत.

आणि छायाचित्रकार सुब्रत मित्र! सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) काशीच्या घराचं अंगण सेटवर बांधलं होतं. त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली सोडला. चहूबाजूंनी उंच भिंती असलेल्या अंगणात दिवसा पडतो तसा मऊ, सावली न पाडणारा उजेड. हे सगळं कशासाठी? त्या घरात पुढे एक मरण आहे. घरातला उजेड खोटा वाटला असता तर मी त्या मरणाला रडले नसते. एवढं सोपं आहे ते.

आजी मालिका मात्र बघायची नाही. दोन मिनिटं बघून उठायची. "सगळे सारखेच दिसतात," म्हणायची. तेव्हा वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून कंटाळत असेल. आता कळतं, तिला तिथे वाचायला काही ठेवलेलंच नव्हतं. सगळ्यांवर सारखा उजेड, जो बोलेल त्याचा क्लोजअप, आणि धक्का बसला की एकच चेहरा तीनदा.

इथे मला छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड आठवतात. १९२४मध्ये 'द लास्ट लाफ' या जर्मन मूकपटासाठी त्यांनी कॅमेरा स्वतःच्या छातीला बांधला आणि चालत सुटले. त्या सिनेमात मजकुराच्या पाट्या जवळजवळ नाहीतच, सगळं कॅमेराच सांगतो. आजीला तो दाखवायला हवा होता. हेच फ्रॉइंड १९५१मध्ये 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन विनोदी मालिकेवर आले. समोर प्रेक्षक बसलेले, तीन कॅमेरे एकदम चालू, म्हणून त्यांनी सगळीकडे सारखा उजेड पसरला. तिथे ते बरोबरच होतं. विनोदी नटांना कुठेही धावायला मोकळीक हवी होती. आपल्या मालिकांना रोजचा भाग रोज द्यायचा तर दर शॉटला दिवे हलवायला वेळ नसतो, हेही कळतं मला. पण विनोदासाठी केलेली सोय रडण्यालाही तशीच, भांडणालाही तशीच, खुनालाही तशीच? त्या बिचाऱ्या नटांनी सगळं फक्त तोंडाने सांगायचं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आज जमलेली मंडळी माझी जिवाभावाची आहेत, भरपूर वाचणारी आहेत, कवितेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अस्वस्थ होणारी आहेत. म्हणूनच लागलं. त्यांना चौकट बघायला कुणी सांगितलंच नाही. मला सांगणारी आजी होती. आणि आज सांगायची पाळी माझी होती, तेव्हा मी सोफ्यावर गप्प बसून राहिले.

मैत्रिणी, तू हे वाचशीलच. पुढच्या वेळी रिमोट माझ्याकडे दे. खरंच दे.

घरी आल्यावर तो सीन पुन्हा लावला. पट्ट्यांसकट, आवाज बंद करून. भाऊ भांडताहेत, आई दारात. धाकटा बोटावर काहीतरी हिशोब मोजायला लागतो, तेव्हा ती एक पाऊल मागे घेते. मग आणखी एक. मग दिसेनाशी होते. दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही. कॅमेरा हलत नाही. ते रिकामं दार सीन संपेपर्यंत तसंच डावीकडे असतं.