जुलै जवळ आला, व्हिसा कुठाय?

मिल्याच्या भाचीला अमेरिकेत रेसिडेन्सी मिळाली, म्हणजे हॉस्पिटलात राहून पुढचं डॉक्टरी ट्रेनिंग. कोणी कुठल्या हॉस्पिटलात जायचं हे ठरवणाऱ्या 'मॅच'चा निकाल मार्चमध्ये, १ जुलैला हजर व्हायचं. व्हिसाची मुलाखत झाली आणि हातात २२१(जी)ची चिठ्ठी पडली. वेबसाइटवर 'रिफ्युज्ड' दिसतंय. म्हणजे नकार नाही म्हणे, फाइल तपासणीत आहे. घरचे रोज सकाळी तेच पान उघडून बघतात.

"होऊ दे उशीर!" अण्णा उसळले. "इथे गडचिरोलीत डॉक्टर नाहीत, आणि ही निघाली तिकडची सेवा करायला."

"अण्णा, प्रायव्हेट कॉलेजची फी माझ्या मेव्हण्याने भरलीय, तुम्ही नाही," मिल्या म्हणाला.

इथे संदीप मध्ये पडला. बरीच वर्षं ओहायोत काढलेला माणूस, त्यामुळे जरा जास्तच बोलतो, पण माहिती पक्की. तिथल्या चार डॉक्टरांत साधारण एक बाहेर शिकलेला. जे-१ म्हणजे ट्रेनिंगपुरता व्हिसा; त्यावर गेलेल्या डॉक्टरने ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं मायदेशी यायचं, नाहीतर जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. या दुसऱ्या वाटेला कॉनरॅडची सवलत म्हणतात, १९९४ पासूनची. आता दर राज्याला वर्षाला ३० जागा. कॅलिफोर्नियालाही तीस, नॉर्थ डकोटालाही तीसच! "२०२५ मध्ये तर २७ मे ते १८ जून या व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच बंद होतं. जुलै तोंडावर असताना! मग सुरू करताना म्हणाले, डॉक्टरांना आधी घ्या. हे आधी सुचायला काय झालं होतं?"

अण्णांना भलतंच सापडलं. "थांब. जे-१ ला आपल्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं ना? देशाला या डॉक्टरची गरज आहे, शिकून परत येईल, असं?"

"लागतं," मिल्या पुटपुटला.

"मग ही लिहून देऊनच चाललीय की!"

यावर मिल्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण अण्णांचा हिशेब मला पटत नाही. व्हिसा अडकला म्हणून पोरगी गडचिरोलीला जात नाही, डोंबिवलीत बसून राहते. तिकडचा वॉर्ड एक माणूस कमी घेऊन चालतो, उरलेल्यांच्या नाइट वाढतात. यात आपल्या कुठल्या पेशंटचं भलं झालं?

"भलं होईल," अण्णा म्हणाले. "तोवर तिला सांग, संध्याकाळी येऊन माझे शुगरचे रिपोर्ट बघून जा."