कोणते पाटील?

जगाला फेरी मारायच्या शर्यतीत उतरायचं तुम्ही ठरवलंच असेल, आणि तेही टीव्हीवर, तर पासपोर्ट, बूट, पळण्याचा सराव ही सगळी मागाहूनची कामं. आधी जोडीदाराचं आडनाव काढा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘द अमेझिंग रेस’ हा अमेरिकी कार्यक्रम सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाला. दोघादोघांच्या जोड्या, पाकिटात पुढच्या ठिकाणाचा पत्ता, खिशात मोजून दिलेली रोकड, मोबाइल जमा. टप्प्याच्या शेवटी एक चटई असते; तिच्यावर सगळ्यात शेवटी पाय ठेवणारी जोडी बहुतेक वेळा घरी जाते. उरलेल्यांनी देशोदेशी धावत राहायचं. जिंकणाऱ्या जोडीला १० लाख डॉलर. एरवी या जोड्या नवरा-बायको, बहीण-भाऊ, जुने मित्र अशा असतात. २०१७ च्या २९ व्या पर्वात मात्र त्यांनी कहर केला. एकमेकांना कधीही न पाहिलेली २२ माणसं लॉस एंजेलिसमध्ये आणून उभी केली, आल्या आल्या एक काम करायला लावलं आणि जो आधी उरकेल त्याला जोडीदार निवडायचा मान आधी दिला. झाल्या ११ जोड्या.

म्हणजे बघा, काम कसं करतो ते पाहून माणूस निवडायचा! गाव विचारलं नाही, मामा विचारला नाही. उद्या त्याच्या हातचं पाणी प्यायची वेळ आली तर?

त्याआधी २०१५ मध्येही त्यांनी काही जोड्या अशाच सुरुवातीच्या रेषेवर पहिल्यांदा भेटवल्या होत्या, त्या लग्नाळू होत्या एवढंच. जिंकली त्यांच्यातलीच एक. त्याचं आपल्याला काय कौतुक? जळगावात ते काम कांदेपोहे खाऊन होतं आणि शर्यत त्यानंतर पन्नास वर्षं चालते. शिवाय तिथे भेटण्यापूर्वीच सगळी चौकशी झालेली असते. खरी अडचण निव्वळ अनोळखी माणसाची आहे, आणि तिथेच आपल्या खान्देशी अनुभवाचा तुम्हाला उपयोग होणार आहे.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जात कधी विचारायची नाही. ते वाईट असतं. आपण कधीच विचारत नाही. आपण गाव विचारतो.

समोरचा वळवी निघाला, सोनार निघाला, जोशी निघाला तर तुमचं काम दोन मिनिटांचं आहे. पण तो पाटील निघाला तर? इतर ठिकाणी आडनाव सांगितलं की चौकशी संपते, खान्देशात ‘पाटील’ म्हटलं की सुरू होते. पाटीलकी हे मुळात गावकारभाराचं वतन. ज्या गावात ज्या समाजाकडे ते होतं त्या गावात तो समाज पाटील. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, आडनाव तेवढं घराघरात राहिलं. त्यामुळे ‘कोणते पाटील?’ हा प्रश्न आपल्याकडे ‘जेवण झालं का?’ इतक्याच आपुलकीने विचारला जातो. रावेर-यावल म्हटलं की एक खूण पटते, अमळनेर-पारोळा म्हटलं की दुसरी, शहाद्याकडचे म्हटलं की तिसरी. तरी संशय राहिला तर मामाचं गाव विचारा. मामाही पाटील निघाले तर बहीण कुठे दिली ते विचारा. घरात बोली कोणती, हा प्रश्न भाषेविषयीच्या प्रेमापोटी विचारता येतो. अगदीच काही निघालं नाही तर दुपारची वाट पाहा. डबा उघडला की माणूस उघडतो.

सरावाला भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी उत्तम. पाळधी मागे पडायच्या आत समोरच्याचं गाव, धरणगावला मामा आणि अमळनेर येईपर्यंत सोयरीक निघाली पाहिजे. नंदुरबारपर्यंत लागत असतील तर तुम्ही अजून कच्चे आहात. माझे एक मामेसासरे नर्डाणा येईपर्यंत समोरच्याच्या आतेभावाशी फोनवर बोलत असत. त्यांना अमेरिकेत कोणी बोलावलं नाही ही अमेरिकेची हानी.

इतकं करून नातं निघालं तर मात्र एक तोटा आहे, तोही सांगून ठेवतो. २०१७ ची जिंकलेली जोडी आठवा. त्यातल्या वकीलबाई आणि त्यांचे जोडीदार अख्ख्या शर्यतीत एकमेकांशी कुरकुरत, वाद घालत राहिले आणि भांडत भांडत पहिले आले. आपल्याला ते जमणार नाही. जोडीदार मावशीच्या दिराचा मुलगा निघाल्यावर त्याच्यावर ओरडणार कसं? तो पाकीट उलटं धरून चुकीच्या विमानात बसवत असला तरी आपण ‘राहू द्या भाऊ, बसलोच आहोत तर’ म्हणून बसतो. हिशेब पुढे आखाजीला, माहेरी आलेल्या लेकीबाळींसमोर चुकता होतो. त्यात १० लाख डॉलर मिळत नाहीत, पण समाधान मोठं असतं.

हल्ली मला असंही वाटतं की हा कार्यक्रम त्यांनी आपल्या निवडणूक ड्युटीवरून उचलला असावा. पुरावा नाही. पण एवढं साम्य योगायोगाने येत नाही. वेगवेगळ्या खात्यांतली, एकमेकांना न ओळखणारी चार माणसं संगणक उचलतो. एकदा नाही, टप्प्याटप्प्याने तीनदा सरमिसळ करतो. कोण कोणाबरोबर हे आदेश हातात पडेपर्यंत कळत नाही आणि केंद्र कोणतं ते निघायच्या दिवशी कळतं. मग साहित्याची पिशवी, यादी, मांडवातली धावपळ, वेळेचं बंधन, आणि शेवटी परत येऊन सगळं जमा करायचं. तिथेही शेवटी येणाऱ्याचे हाल असतात, फक्त चटईवर हसतमुख यजमान नसतो. फरक एवढाच की संगणक आडनाव बघत नाही. ते काम तो आपल्यावर सोडतो.

इथे माझं उदाहरण घेऊ नका. मी सपशेल नापास झालो, म्हणूनच सांगतो आहे.

१३ मे २०२४ चं लोकसभेचं मतदान. आदल्या दिवशी मांडवात पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन. मी मतदान अधिकारी क्रमांक तीन, म्हणजे कंट्रोल युनिट माझ्याकडे. यादीतली चार नावं मी माणसं दिसायच्या आतच वाचून काढली. केंद्राध्यक्ष बँकेतले, क्रमांक एक ग्रामसेवक. दोघांची आडनावं सरळ होती, त्यांच्या स्वभावासकट सगळं माझ्या लक्षात आलं. क्रमांक दोन पाटील. शाईची बाटली, मतदारांची नोंदवही आणि चिठ्ठ्या त्यांच्याकडे.

मी म्हटलं, गाठ माझ्याशी आहे.

‘‘पाटील सर, मूळ गाव कोणतं?’’

‘‘वडील रेल्वेत होते. भुसावळ, मग मनमाड, मग खांडवा, परत भुसावळ.’’ हे बोलताना ते पिशवीतल्या वस्तू यादीशी ताडून बघत होते. लाखेची कांडी कमी निघाली, ती मागून आणली. मी म्हटलं, हा माणूस विषय टाळतो आहे.

‘‘शेतीबाडी?’’

‘‘नाही.’’

‘‘मामा?’’

‘‘वारले.’’

‘‘अरेरे. कोणत्या गावी?’’

‘‘दवाखान्यात.’’

बस सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्राकडे निघाली तेव्हा मी सासुरवाडीवर आलो. तर ती वर्ध्याकडची! आता वर्ध्याकडचं माणूस खान्देशात कुठल्या खुणेला लावायचं? मी खिडकीबाहेर बघत बसलो. बोलीवरून काढावं तर हा गृहस्थ केंद्राध्यक्षांशी शुद्ध मराठी, पोलीस जवानाशी हिंदी आणि शाळेच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याशी ‘‘जेवन व्हयनं का, आबा?’’ अशी स्वच्छ अहिराणी. रात्री पाणी घेऊन आलेल्या बाईंशी तर पावरीत दोन वाक्यं बोलला. एका माणसाने इतक्या ठिकाणचं असू नये.

डब्यावर माझी शेवटची आशा होती. माझा डबा बायकोने खास दिलेला: कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं. मी तो मुद्दाम हळूहळू उघडला, म्हणजे त्यांनाही उघडावा लागेल. पाटलांनी पिशवीतून पाव काढला आणि अर्धा डझन केळी. जळगाव जिल्ह्यात केळीवरून कोणाचा काय पत्ता लागणार? केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, खाणाऱ्याला नाही. त्यांनी चार केळी आम्हाला वाटली. मी भरीत पुढे केलं. खरं सांगायचं तर थोडं उशिराच केलं. त्यांनी घेतलं, छान झालंय म्हणाले आणि झोपायच्या आधी उद्याच्या नोंदवहीची पानं मोजून ठेवली.

पहिल्याच पर्वात त्या अमेरिकी शर्यतीतले लोक बिकानेरजवळ देशनोकच्या करणी माता मंदिरात उंदरांमधून अनवाणी चालले होते म्हणे. त्याचं टीव्हीवर केवढं कौतुक. न ओळखीच्या पाटलाशेजारी भरीताचा डबा उघडून बघा म्हणावं.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. किमान ५० मतं टाकून, प्रतिनिधींना निकाल दाखवून, ती मतं यंत्रातून पुसायची आणि मगच खऱ्या मतदानाला सुरुवात. पुसायचं बटण माझ्याकडे. त्याच वेळी तो पोलीस जवान माझ्या शेजारी उभा होता आणि तोही भुसावळचा होता. मी त्याला हळूच विचारत होतो, रेल्वेतले एक पाटील होते, खांडव्याला बदली झालेले, ओळखतोस का? जवान आठवत होता. मीही त्याला आठवायला मदत करत होतो.

‘‘सर,’’ पाटील शाईची बाटली उघडता उघडता म्हणाले, ‘‘क्लिअर केलं?’’

केलं नव्हतं.

ज्यांनी ही ड्युटी केली आहे त्यांच्या पोटात हे वाचून गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी एवढंच की ती पन्नास मतं आत राहून सात वाजता मतदान सुरू झालं असतं, तर संध्याकाळी आकडे जुळले नसते आणि पुढची कित्येक वर्षं मी खुलासे लिहीत बसलो असतो. मी बटण दाबलं. शून्य आलं. केंद्राध्यक्ष दाराशी प्रतिनिधींशी बोलत होते, त्यांना काही कळलं नाही. पाटलांनी ते तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. दिवसभर बोटाबोटाला शाई लावत राहिले. गोष्ट इतकी पोटात ठेवणारे लोक कोणत्या तालुक्यात असतात, याचाही मी दुपारी बराच विचार केला.

सहाला मतदान संपलं. त्यांची नोंदवही आणि माझं यंत्र, आकडा पहिल्या फटक्यात जुळला. साहित्य जमा करायच्या रांगेत आमच्या पुढच्या पथकातले दोघं एकमेकांवर ओरडत होते, सतराचा नमुना कोणी कुठे ठेवला म्हणून. त्यांचं बहुधा नातं निघालेलं नसावं. आमचं जमा झालं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. केंद्राध्यक्षांना न्यायला बँकेची गाडी आली, ग्रामसेवकांना मेव्हणा. पाटलांनी दोन दिवसांत मला पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला:

‘‘घरी जायला काही आहे का, सर?’’

एसटी सकाळी होती. त्यांची मोटारसायकल मांडवामागे लावलेली होती. वाट वाकडी करून त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. वाऱ्यामुळे रस्त्यात काही विचारता आलं नाही, नाहीतर मी विचारलंच असतं. आत या म्हटलं तर नको म्हणाले, उशीर झालाय. पाणी तेवढं मागितलं. बायकोने तांब्या आणला, ते उभ्यानेच प्याले, भरीत फार छान होतं वहिनी, म्हणाले आणि गेले.

‘‘कोण होते?’’ बायकोने विचारलं.

‘‘पाटील.’’

‘‘कोणते?’’

‘‘दोन नंबरचे.’’

मी बूट काढून आत गेलो. ती तांब्या हातात धरून बराच वेळ ओट्यावरच उभी होती.